खल म्हातारा झाला म्हणे

मी खल बोलतोय. खलबत्त्यातला खल. आमच्याकडे मला मोल्काहेते म्हणतात, पण तुम्ही खल म्हणा, त्याचा मला राग नाही. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो आज मी तुमच्यापाशी बोलून टाकणार आहे.

मेक्सिकोत ग्वानाहुआतोकडच्या एका गावात पाथरवटाने मला काळ्या, भोकाभोकांच्या दगडातून कोरलं. तीन पाय दिले, पोट खोल केलं आणि त्याच दगडातून माझा बत्ता घडवला. म्हणजे बत्ता माझा सख्खा भाऊच. तिथून आम्ही ट्रकने सरहद्दीवरच्या हुआरेसच्या बाजारात आलो आणि टोपल्यांच्या शेजारी धूळ खात पडलो. गिऱ्हाईक यायचं, बोट लावायचं, 'जड आहे बाई' म्हणायचं आणि पुढे जायचं.

एवारिस्तोला मात्र मी जड वाटलो नाही. उंच, नुकतंच लग्न झालेला, नदीपलीकडे, अमेरिकेतल्या एल पासोच्या रेल्वे यार्डात कामाला असलेला माणूस. मला खांद्यावर घेऊन तो पुलावरून घरी निघाला. पुलावरच्या सरहद्दीच्या शिपायाने अडवलं.

"हे काय?"

"बायकोला भेट."

"दगड?"

"साहेब, तुम्ही माझी बायको पाहिली नाही. फुलं नेली तर ती विचारेल, ह्यांची चटणी कशात वाटू?"

शिपाई हसला आणि आम्हाला सोडलं.

ती बायको म्हणजे एर्लिंदा. तिने मला पाहिलं, आधी नवऱ्याला म्हणाली, "एवढं ओझं कशाला उचललंस, कंबर धरली असती," आणि मग लगेच पदर खोचावा तसा एप्रन आवळून बसली. नव्या खलाला आधी माणसात आणावं लागतं. कच्चे तांदूळ घालून वाटायचे, राखाडी पीठ निघतं ते फेकायचं, पुन्हा वाटायचे, पीठ पांढरं येईपर्यंत. एर्लिंदाने तीन दिवस वाटलं. तिच्या हाताला फोड आले. पण त्यानंतर माझ्या पोटातला खडाही कुणाच्या दाताखाली आला नाही.

त्या घरी गुरुवारी खिम्याचे टाको व्हायचे. शुक्रवारी बरेचदा मांस वर्ज्य, म्हणून गुरुवारी हौस भागवून घ्यायची. गोष्ट साधी होती. बीफचा खिमा कांद्यावर परतायचा, पुरवठ्याला यावा म्हणून त्यात उकडलेला बटाटा कुस्करायचा, मक्याच्या टॉर्टियात, म्हणजे पातळ भाकरीत, भरून दुमडायचा आणि तेलात कडा कुरकुरीत होईपर्यंत तळायचा. वर बारीक चिरलेलं लेट्यूस, टोमॅटो, किसलेलं पिवळं चीज. हे कुणालाही जमेल. पण त्या खिम्यात जे वाटण पडायचं ते माझं होतं. चमचाभर जिरे, आठ मिरे, चार पाकळ्या लसूण. ते गुळगुळीत झालं की माझ्यात घोटभर पाणी घालायचं, मला खळबळून ते पाणीसुद्धा कढईत ओतायचं. काही वाया जायचं नाही. त्या पाण्याचा चर्र आवाज झाला की एवारिस्तो हातपाय धुवायला उठायचा.

चाळीस वर्षं मी हे केलं. मला त्याचा गर्व होता आणि मी तो लपवत नाही.

एवारिस्तो गेला तेव्हा एर्लिंदा मुलाकडे, रोहेलिओकडे राहायला आली. एक बॅग घेतली आणि मला मांडीवर घेऊन गाडीत बसली. सून मारीक्रूझ मनाने चांगली, पण कामाला उरक फार. सासूने चमचा उचलला की ही म्हणायची, "आई, तुम्ही बसा, मी करते." सारखं 'तुम्ही बसा'. माणूस किती बसेल? शेवटी गुरुवार तेवढा एर्लिंदाने मागून घेतला. सहा दिवस स्वयंपाकघर सुनेचं, गुरुवारी सासूचं. त्या एका दिवशी एर्लिंदाची पाठ सरळ व्हायची.

मग तिचा अंगठा दुखू लागला. मुळाशी सुजायचा. मला कळायचं, कारण बत्ता पूर्वीसारखा रेटून फिरत नव्हता, मध्येच घसरत होता. मी मनात म्हणायचो, हळू कर बाई, घाई कुणाला आहे.

एका गुरुवारी तिने माझ्यात जिरे घातले, दोनदा बत्ता फिरवला आणि तो हातातून सुटला. तिने दाराकडे पाहिलं. जिरे मुठीत घेऊन परत बरणीत टाकले. आणि एप्रनच्या खिशातून एक पिवळं पाकीट काढलं.

खिशातून! म्हणजे ते त्या क्षणी सुचलेलं नव्हतं. आधी दुकानातून आणलं होतं, घडी घालून ठेवलं होतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. तयार मसाल्याचं पाकीट तिने दातांनी फाडून खिम्यात ओतलं, आणि रिकामं पाकीट कचऱ्याच्या डब्यात कॉफीच्या चोथ्याखाली दाबलं.

तेवढ्यावर थांबली असती तरी मी समजून घेतलं असतं. पण तिने माझ्यात मूठभर जाड मीठ घातलं आणि बत्ता नुसता इकडून तिकडे खडखडवू लागली. वाटायला जोर लागतो, खडखडवायला लागत नाही. बाहेरच्या खोलीत नात बसली होती, यारेली, दहा वर्षांची. ती ओरडली, "आजी वाटतेय! आजी वाटतेय!"

मला खोट्या साक्षीला उभं केलं होतं.

आणि जेवताना काय व्हावं? रोहेलिओने दोन जास्त खाल्ले. "आई, आज तर कमाल झाली!" मारीक्रूझसुद्धा म्हणाली, "तुमच्या हाताची सर आम्हाला नाही येणार, आई."

"हात कसला," एर्लिंदा म्हणाली, "खलाचा गुण आहे तो."

मी फळीवर बसून ऐकत होतो. मला फुटावंसं वाटलं. चाळीस वर्षं खरं वाटण करून जी वाहवा मिळाली नव्हती, ती मीठ खडखडवून मिळाली.

असं पंधरा वर्षं चाललं. हळूहळू सगळ्यांची जीभ पाकिटाला सरावली, आणि तीच 'आजीची चव' झाली. मी एर्लिंदाला माफ करत राहिलो. अंगठा तिचा दुखत होता, माझा नाही. आणि गुरुवार सुटला असता तर त्या घरात तिच्या नावावर उरलं काय असतं?

यारेलीचं लग्न ठरलं तेव्हा एर्लिंदाने सगळ्यांसमोर मला टेबलावर ठेवलं. "हा खल यारेलीचा. आणि टाकोही आता तिनेच करायचे. मी थकले." मारीक्रूझने डोळे पुसले. माझाही ऊर भरून आला. मला वाटलं, हा माझा मान आहे. खरी गोष्ट अशी की तिच्या अंगठ्याला आता मीठ खडखडवणंही होईना, आणि तिला त्यातून सुटायला एक सन्मानाचा रस्ता हवा होता. तो रस्ता मी होतो.

यारेली शाळेची बस चालवते. मनगटात जोर आहे. कृती लिहून घ्यायला ती आजीजवळ फोन घेऊन बसली, आणि एर्लिंदाने तिला अगदी बरोबर सांगितलं. जिरे, आठ मिरे, चार पाकळ्या, घोटभर पाणी. एकही गोष्ट चुकवली नाही. पाकिटाचं फक्त सांगितलं नाही.

नव्या घरी पहिल्याच गुरुवारी यारेली मला घेऊन बसली. "चल म्हाताऱ्या, आबरू राख," म्हणाली आणि अशी वाटू लागली की मला एर्लिंदाची विशी आठवली. पंधरा वर्षांनी माझ्या पोटात जिऱ्याचा वास भरला. मी जीव ओतून काम केलं.

नवरा एलिसेओ जेवला. "छान आहेत. पण आजीकडचे होते तसे नाहीत."

यारेलीने फोन लावला. "आजी, माझं काय चुकतंय?"

"हात बसायला वेळ लागतो, पोरी."

पोरीने जिरे भाजून पाहिले, न भाजता पाहिले. लसूण वाढवला. कसाई बदलला. बसचं काम आटोपून आल्यावर अर्धा अर्धा तास वाटायची. तिच्या तळव्याला घट्टा पडला. दर वेळी तेच: छान आहेत, पण. दर वेळी मला वाटायचं, आता तरी एर्लिंदा सांगेल. हसत हसत सांगेल, 'अगं वेडे, पाकीट होतं ते!' लोक चार दिवस चेष्टा करतील आणि विसरतील.

एर्लिंदाची ऐंशी वर्षं भरली तेव्हा यारेली हट्टाला पेटली. सगळं घर आपल्याकडे बोलावलं. सकाळपासून वाटत होती. दुपारी टेबल मांडलं, गरम टाको आजीच्या पुढे ठेवले आणि समोर उभी राहिली.

एर्लिंदाने पहिला घास घेतला आणि चावायची थांबली. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी समोरच्या ओट्यावर होतो. मला सगळं कळलं. एवारिस्तो हातपाय धुवून जेवायला बसायचा तेव्हाची ती चव होती. पोरीला ती हुबेहूब जमली होती, आणि ते ओळखणारं त्या घरात एकच माणूस होतं.

"आजी? काय झालं?"

"मिरची लागली."

मिरची नव्हतीच त्यात.

तेवढ्यात रोहेलिओ घास तोंडात घोळवत म्हणाला, "आई, ही चव मी कुठेतरी... लहानपणी आपल्याकडे..."

"गप जेव," एर्लिंदा म्हणाली. "तोंडात घास असताना बोलू नये, साठीला आलास."

सगळे हसले. रोहेलिओही हसला आणि ते तिथेच राहिलं. पण यारेली हसली नाही. रडवेल्या आवाजात म्हणाली, "आजी, आज खरं सांग. सगळ्यांसमोर सांग. काय कमी आहे माझ्यात?"

एर्लिंदाने नातीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांग बाई. सांगून टाक आता.

"तुझ्यात काही नाही, पोरी," ती म्हणाली. "खल म्हातारा झाला. त्याची धार गेली. त्याला आता चव येत नाही."

"मग आधीच सांगायचंस ना आजी!" यारेली म्हणाली. "माझे हात मोडले ना ह्याच्यापायी!"

त्याच संध्याकाळी एलिसेओने मला मागच्या अंगणात आणून ठेवलं. आता मी कुंपणाशी असतो. माझ्यात कुत्र्याचं पाणी असतं, त्यात कधी पानं पडतात. बत्ता मागचं दार मिटू नये म्हणून त्याला लावलाय. आम्ही भाऊ भाऊ लांबून एकमेकांकडे बघतो.

त्या संध्याकाळी मला ठेवून एलिसेओ आत गेला, आणि थोड्या वेळाने एर्लिंदा बाहेर आली होती. हातात ताटली होती, उरलेले गार टाको होते. कुंपणापाशी खुर्ची ओढून ती माझ्याकडे पाठ करून बसली आणि एकेक करून सगळे खाल्ले. गेल्या कित्येक वर्षांत तिला इतकं खाताना मी पाहिलं नव्हतं. शेवटी बोटं चाटली. माझ्याकडे वळूनही न बघता आत गेली. आतून यारेलीने विचारलं, "आजी, उरलेले फेकून देऊ का?" आणि ती म्हणाली, "नको ग पोरी, मी कुत्र्याला घातले."

मला दगड म्हणून लागत नाही असं लोक समजतात. लागतं. ज्या बाईने फोड येईपर्यंत वाटून मला माणसात आणलं, तिने लागेल असंच बोलून मला घराबाहेर काढलं.

पण माझं राहू द्या. तुम्ही कधी एल पासोला गेलात आणि पिवळी बस चालवणारी, तळव्याला घट्टा पडलेली कुणी यारेली भेटली, तर तिला माझा एवढाच निरोप द्या, की पोरी, तुला पहिल्याच गुरुवारी जमलं होतं.

पाकिटाचं काही बोलू नका. म्हातारी अजून आहे.