एक पातं कमी

जनरेटर बंद पडला की आमच्या बोटीवर आधी कुणी बोलत नाही. सगळे सासऱ्यांच्या श्वासाकडे कान लावतात. सगळे म्हणजे तरी कोण, मी आणि माझा नवरा. ही बोट हेच आमचं घर, आणि सासऱ्यांचं ऑक्सिजनचं यंत्र चालतं ते तिच्या पोटातल्या जनरेटरवर.

त्या दिवशी दुपारची जेवणं उरकत होती आणि जनरेटरची तापल्याची शिट्टी वाजली. तो दोन आचके देऊन गप्प झाला. वर यंत्रही थांबलं. नवऱ्याने धावत जाऊन कोपऱ्यातला छोटा सिलिंडर उघडला, नळी जोडली. सासऱ्यांनी हात वर करून 'ठीक आहे' अशी खूण केली. त्यांच्या खुणांवर विश्वास ठेवायचा, तर त्यांना जन्मात कधी काही झालेलंच नाही.

सिलिंडरचा काटा अर्ध्याच्याही खाली होता. मागच्या वेळी वापरल्यावर तो भरून आणायचा राहिला होता. ते काम नवऱ्याचं, पण भांडायला वेळ कुणाला होता? मोठं इंजिन दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं, म्हणजे बोट जागची हलणार नव्हती. किनारा समोर दिसत होता, पण छोट्या होडीत बसवून लाटांवरून न्यावं अशी सासऱ्यांची अवस्था नव्हती. जे काय करायचं ते इथेच आणि काटा तळाला जायच्या आत.

"पाणी," सासरे म्हणाले. एका दमात त्यांना एकच शब्द जमत होता. "बघ."

जनरेटर गार राहतो तो समुद्राच्या पाण्यावर. बोटीच्या तळाचा कॉक उघडा असला की पाणी जाळीतून आत येतं, पंपातलं रबरी पात्यांचं चाक ते पुढे ढकलतं, मग कूलरच्या बारीक नळ्यांतून फिरून ते धुराबरोबर बाहेर पडतं. ही सगळी विद्या मला सासऱ्यांनी शिकवली. त्यांची हयात जहाजांच्या इंजिनांत गेली. शिकवताना इतके ओरडायचे, की जनरेटर चालू आहे की बंद ते कळायचं नाही. छाती साथ देईना झाली तेव्हापासून काम माझं आणि देखरेख त्यांची, असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. त्यांनी फक्त मान हलवली होती.

मी खाली उतरले. पंप उघडण्याआधी तळाचा कॉक बंद करायचा, नाहीतर समुद्र घरात येतो. मी त्याच्या दांड्याला हात घातला, तर तो पुढे सरकेना. कॉक आधीच बंद होता.

"तू हात लावलास याला?" वरून वाकून बघणाऱ्या नवऱ्याला मी हळूच विचारलं.

"कशाला? आठवडाभर खाली उतरलोच नाहीये मी."

हे खरं असणार. कामाबाबत तो कधी खोटं बोलत नाही, कारण काम करतच नाही. मीही हात लावला नव्हता. आमच्याकडे नियमच आहे, ज्याने कॉक बंद केला त्यानेच तो उघडायचा, दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही. राहिलं तिसरं माणूस. मला अशी चीड आली की पाना हातातून निसटला. तेवढ्यात वर खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेपर्यंत माझा राग कुठल्या कुठे गेला.

पाण्याविना फिरून रबरी चाकाची पार वाट लागली होती. मी ते ओढून काढलं, पंपात पडलेले तुकडे वेचले आणि एकेक पातं चाकाला लावून पाहिलं. एक पातं कमी होतं.

"सगळी... मिळाली?" वरून आवाज आला.

"एक नाहीये, मामंजी."

"शोध."

नवऱ्याचा धीर सुटला. "अगं, नवीन चाक बसव आणि सुरू कर! रबराचा तुकडा तो, जाईल वाहून. काटा कुठे आलाय बघ जरा!"

"नाही... जाणार," सासरे म्हणाले. "अडकेल. पुन्हा... तापेल."

काटा लाल पट्ट्यात होता. मला नवऱ्याचं ऐकावंसं वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. पण तुकडा कूलरच्या तोंडाशी बसला, तर जनरेटर पुन्हा बंद पडेल, आणि मग हातात सिलिंडरही नसेल. मी कूलरचं झाकण काढायला घेतलं. त्याचा एक स्क्रू खाऱ्या पाण्याने गंजून घट्ट धरलेला. "सुट रे बाबा, सुट," मी त्याच्या हातापाया पडले, मग त्याला शिव्या दिल्या. तो शिव्यांना बधला. आत नळ्यांच्या तोंडाशी काळं पातं आडवं बसलं होतं.

नवीन चाकाला साबणाचं पाणी लावून बसवलं, झाकणं आवळली, कॉक उघडला, बटण दाबलं.

"येतंय का पाणी?" मी ओरडले.

"धूरच आहे नुसता!" नवरा कठड्यावरून ओणवा झाला होता. माझा हात बंद करायच्या बटणावर गेला. "थांब... आलं! आलं गं!"

वर आले तेव्हा यंत्र चालू होतं. सासऱ्यांचे ओठ अजून निळसर होते. मी त्यांच्या पायाशी फतकल मारली.

ओठांवर रंग परतला तेव्हा त्यांनी विचारलं, "काय झालं होतं?"

"जाळीत शेवाळ अडकलं होतं," मी म्हणाले.

"जाळी मी जेवणाच्या वेळीच धुतली. तुम्ही दोघं वर जेवत होता." ते म्हणाले. जाळी धुवायची तर आधी कॉक बंद करावा लागतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. "कॉक बंद होता ना?"

मी हाताला लागलेलं तेल फडक्याने पुसायला घेतलं.

"तू खाली होतीस, तेव्हा मी तुझ्या नावाने बोटं मोडत होतो. म्हटलं, हीच काहीतरी विसरली असेल." त्यांनी डोळे मिटले. "माझा मीच गळा आवळला होता की गं."

"असं बोलू नका, मामंजी."

"उद्यापासून मी खाली उतरताना दिसलो, तर ओरड माझ्यावर. चांगली मोठ्याने ओरड."

गेलं वर्षभर मला त्यांच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं.

"ओरडेन," मी म्हणाले, आणि आधी नवऱ्याला सिलिंडर भरून आणायला पिटाळलं.