पंधरा हजार किलोमीटर आणि एक बाटली

माझ्या नातीचा, अनेझिनाचा बाप्तिस्मा झाला त्याच वर्षी मेलबर्नहून भाच्याचा, स्त्रातीसचा फोन आला. बावीस वर्षांपूर्वी तिकडे गेलेली माझी धाकटी बहीण कालोमिरा वारली होती. बुधवारी सकाळी दहाला तिला नेणार होते.

आमच्या बेटावर मेलेल्या माणसाला घरच्याच बायका द्राक्षारसानं धुतात. आईला आम्ही दोघींनी धुतलं, तेव्हाच ठरलं होतं, जी मागे राहील तिनं दुसरीला धुवायचं. परक्या हातानं नाही.

माझा मुलगा कोझमास म्हणाला, "आई, अथेन्सपासून पंधरा हजार किलोमीटर आहे. मध्ये विमान बदलायचं, तेवीस तास लागतात. तुला बंदरापर्यंत गाडी लागते."

"मी तुला अंतर विचारलं का? तिकीट काढ."

"डॉक्टर काय म्हणाले आठवतंय?"

"डॉक्टरलाही आई असेल. त्याला म्हणावं, तिला विचार."

कोझमासनं कुरकुरत तिकीट काढलं.

मंगळवारी पहाटे दोनला विमान उडालं. मांडीवर आमच्या मळ्यातल्या द्राक्षारसाची बाटली, मनगटावर नवऱ्याचं घड्याळ. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, आकडे यायचे. तेवीस तास मी एकेक करून मोजले. उतरले तेव्हा घड्याळात रात्रीचा एक होता. दहाला अजून नऊ तास होते. मी सावकाश चालत बाहेर आले.

बाहेर ऊन पडलं होतं.

"मावशी, इतका वेळ कुठं होतीस?" स्त्रातीस म्हणाला. "आठ वाजून गेले. घड्याळ कुठलं लावलंस?"

"आपल्या घरचं."

"इथं आपल्यापेक्षा सात तास पुढं असतं, मावशी."

आम्ही पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. पेटीचं झाकण लावलेलं होतं. अंत्यविधीच्या कंपनीतल्या, काळ्या कोटातल्या माणसानं स्त्रातीसला काहीतरी सांगितलं.

"तो म्हणतो, तिला धुऊन कपडे घातलेत. आता उघडता येणार नाही."

"कोणी धुतलं?"

"त्यांच्या माणसांनी."

"मग ते धुणं त्यांचं. त्याला सांग, एवढ्या लांब मी पेटी बघायला नाही आले."

"मावशी, लोक जमलेत. पाद्री थांबलेत."

"थांबू देत. ती बावीस वर्षं थांबली."

मी झाकणावर बाटली ठेवली आणि बाजूला खुर्ची ओढून बसले. काळ्या कोटवाला बाटलीकडे बघत राहिला, मग दाराबाहेर जाऊन आला.

"अर्धा तास देतो म्हणतो," स्त्रातीस म्हणाला.

"अर्ध्या तासात मी पाच पोरांना न्हाऊ घातलंय. दार लावून घे."

कपाळ, हात, पाय. केस तिचे पांढरे झाले होते, मला कोणी सांगितलं नव्हतं. बाटली पुरेशी झाली.

परत आल्यावर आमच्या पाद्रींनी वर्षश्राद्धासाठी तारीख विचारली. स्त्रातीसनं तिच्या थडग्यावर लावलेल्या दगडावर अठरा कोरलंय. मी सतरा सांगितली आणि दर वर्षी सतरालाच तिच्या नावानं गहू शिजवते. कोझमास हिशेब समजावतो, मी ऐकून घेते.

कालोमिरा १८ जून १९९५ रोजी, रविवारी पहाटे तीनला मेलबर्नमध्ये वारली. आमच्या बेटावर तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती.