निर्लेखित पुस्तकाचं म्हणणं

मी अमेरिकेच्या इतिहासाचं पुस्तक बोलतंय. पहिलं महायुद्ध संपल्यापासून दुसरं सुरू होईपर्यंतची वीस वर्षं माझ्या पोटात आहेत. दारूबंदी, शेअर बाजाराची पडझड, महामंदी, सगळं. जन्म पुण्याच्या छापखान्यातला, पण आयुष्य गेलं शहाद्याकडच्या एका कॉलेजात.

वाळवीने माझे कोपरे खाल्ले तेव्हा ग्रंथालयाने माझ्यावर 'निर्लेखित' असा शिक्का मारला. म्हणजे यादीतून नाव काढलं, आता रद्दीत जायचं. शिपाई चुनीलालने मला खिडकीत ठेवलं आणि तो विसरला. तिथून रविनाने मला उचललं.

रविना धडगावकडची, पावरा समाजाची. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात. या खेपेला इतिहास सुटला नाही तर तिनेही कोयता धरायचा, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. म्हणून ती मला जेवतानासुद्धा वाचायची. इतकं कोणी मला कधी वाचलं नव्हतं.

इतिहास शिकवणाऱ्या नवनीत सरांच्या नोट्समध्ये एक वाक्य होतं : '१९२४ मध्ये अमेरिकेतील भारतीयांना नागरिकत्व मिळाले.' इंग्रजीतला 'इंडियन' सरांनी सरळ भारतीय करून टाकला होता. अहो, भारतातून गेलेल्यांना तर तिथल्या कोर्टाने आदल्याच वर्षी नागरिकत्व नाकारलं होतं. १९२४चा कायदा होता तिथल्या मूळ रहिवाशांसाठी. रविनाने ते माझ्या एकशे बाराव्या पानावर वाचलं आणि पेपरात लिहिलं, 'आदिवासींना.' सरांनी लाल काट मारली. ती दोन मार्कांनी राहिली.

मला घेऊन ती सरांकडे गेली.

"सर, ते भारतीय नव्हते. आमच्यासारखे होते. आधीपासून तिथेच राहणारे."

सरांनी मला उघडलं. ते पान यायच्या आधीच शिक्का आला.

"हाई पुस्तक ते निर्लेखित शे," ते म्हणाले. "मन्ह्या नोट्स वाच."

तिने मला खिडकीत परत ठेवलं. चुनीलाल म्हणाला, घरी ने. ती म्हणाली, उसाच्या फडात पुस्तक कुठे ठेवू? दिवाळीनंतर ती गेली. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

आता मी गोणीत पडून रद्दीवाल्याची वाट बघतंय. मला फाडण्याआधी एकदा पान एकशे बारा कोणीतरी वाचा, एवढंच मागणं आहे. ऐकेल कोण, ठाऊक नाही. यंदाच्या वर्गाने त्या प्रश्नाला 'भारतीयांना' असं उत्तर लिहिलं, आणि सगळे पास झाले.