भिंतीला टेकलेला कट्टा

घाटकोपरच्या डोंगरावर पहिल्या झोपड्या टाकणाऱ्या बायकांची आठवण म्हणून वस्तीनं कट्टा बांधायला घेतला, तेव्हा सगळ्यात जास्त हरखल्या त्या शेवंतीबाई. दुष्काळात जालन्याकडून आलेल्या, झुडपं तोडून, दगड फोडून डोंगर राहता करणाऱ्या सात जणींची नावं काळ्या पाटीवर आली होती. त्यातल्या शेवंतीबाई एकट्याच उरल्या होत्या. रविवारच्या अनावरणासाठी त्यांचं पांढरं पातळ इस्त्री होऊन आलं होतं.

सगळ्यात जास्त धास्ती होती त्यांच्या सुनेला, प्रियंकाला. दोन वर्षांच्या सईला कडेवर घेऊन ती रोज गवंड्याचं काम बघत उभी राहायची. कट्टा डोंगराच्या संरक्षक भिंतीला टेकवलेला. भिंतीतली पाणी निघायची भोकं गवंड्यानं सिमेंटनं बुजवलेली. पावसाळ्यात मागं पाणी तुंबलं, की भिंत समोरच्या दारावर येणार. आणि समोरचं दार तिचंच.

ती कमिटीच्या खंडूकाकांकडे गेली.

"काका, ती भोकं मोकळी करायला सांगा ना."

"तू बी.कॉम. झालीस का इंजिनियर?" काका हसले. "पाटीच्या बरोब्बर मागं आहेत ती. आता पाटी उचकटली तर बायका मला डोंगरावरून ढकलून देतील. तुझ्या सासूला विचार. त्या हो म्हणाल्या तर काढतो."

संध्याकाळी भाकऱ्या थापताना प्रियंकानं विषय काढला. शेवंतीबाईंनी सईला वरणात कालवलेला घास भरवला, तोंड पुसलं, मग म्हणाल्या, "म्हाईत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"भोकं बुजलीत ते. पयल्याच दिवशी बघितलं."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"कट्टा हलवा म्हनलं की वरीसभर बैठका घेत्यात हे लोक. माझ्या संगतीची जयंती गेली, नंदा गेली. मी कुठवर थांबू?"

तव्यावरची भाकरी उलटून प्रियंका म्हणाली, "मग पावसाळ्याचे चार महिने मी सईला घेऊन कळव्याला आईकडे राहते."

"भ्या दाखवतीस व्हय गं मला?"

"नाही. सांगून ठेवते."

त्या न जेवताच उठल्या.

सकाळी छिन्नी-हातोड्याचा आवाज आला. प्रियंका बाहेर आली, तर पाटी उतरवून बाजूला ठेवलेली, गवंडी कट्ट्याची मागची बाजू फोडत होता आणि शेवंतीबाई कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्याशी उभ्या होत्या. "अजून खाली. तिसरं भोक ऱ्हायलं." खंडूकाका कपाळाला हात लावून बसले होते. सुनेकडे बाईंनी बघितलंही नाही.

रविवारी कट्टा अर्धामुर्धाच होता. पाटी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभी करून वर निळं कापड टाकलं होतं. शेवंतीबाईंनी कापड ओढलं. टाळ्या पडल्या. प्रियंकानं फोटो काढला.

घरी आल्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा त्या तिच्याशी बोलल्या. "दाव."

मोबाइल लांब धरून त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"खुर्ची तेवढी काढून टाक यातनं," त्या म्हणाल्या, आणि सईला घेऊन आत गेल्या.