थंड खोलीतली दुलई

एकसष्टाव्या वर्षी अलमेलुने हिमाचलातल्या एका खेड्यातली नोकरी धरली आणि तंजावुरातल्या तिच्या घरात आठवडाभर कोणी धड बोलेना. बोलायला होतेही कोण? ती आणि तिचा मुलगा श्रीकर. तो बँकेत अधिकारी, ती सरकारी शाळेतून निवृत्त झालेली फिजिक्सची टीचर. खेड्यातल्या त्या निवासी शाळेत फिजिक्स शिकवायला कोणी टिकत नव्हते. वर्षभरासाठी याल का, असे त्यांनी विचारले आणि अलमेलुने त्याच दिवशी होकार कळवला.

मग मुख्याध्यापकांचा फोन आला. तुमची तब्येत बरी नाही असे तुमच्या मुलाने कळवले, आम्हाला वाईट वाटले, असे ते म्हणाले. अलमेलुने त्यांना शांतपणे सांगितले की तब्येत उत्तम आहे आणि जूनमध्ये रुजू व्हायचे ठरलेलेच आहे. मग ती श्रीकरच्या खोलीत गेली.

श्रीकरने नाकारले नाही. "तिथे हिवाळ्यात घरातलं पाणी गोठतं, अम्मा. तुझी छाती कशी आहे ते मला ठाऊक आहे."

"छाती माझी आहे," अलमेलु म्हणाली. "पुन्हा माझ्या नावाने कोणाला काही कळवायचं नाहीस."

पण जेवताना तिला कबूल करावे लागले की थंडीबद्दलचे त्याचे म्हणणे खोटे नाही. मार्गळीतल्या, म्हणजे तंजावुरातल्या डिसेंबरच्या, पहाटेलाही ती डोक्याला मफलर बांधते. घरात दुलई होती ती एकच, जुन्या रेशमी लुगड्यांच्या दोन पदरांत पातळसा कापूस घातलेली. तंजावुराला ती पुरे. हिमाचलात तिचा काय निभाव लागणार? अलमेलुने ठरवले, लुगडी तीच ठेवायची, आतले भरण बदलायचे. कोणते भरण, ते कोणाच्या सांगण्यावरून ठरवायचे नाही.

सांगणारे मात्र लगेच भेटले. राजवाड्याजवळच्या गल्लीत गुरुमूर्ती गाद्या-उशा भरतो. त्याने मूठभर इलवम पंजु, म्हणजे सावरीचा रेशमासारखा कापूस, तिच्या तळहातावर ठेवला. तीन पिढ्या हेच भरतो, याहून ऊबदार काही नाही, असे तो म्हणाला. श्रीकरने पॉलिएस्टरच्या तयार रजईचे चित्र मोबाइलवर दाखवले. ते दाखवण्यात, ही घे आणि इथेच पांघर, असाही एक अर्थ होता.

अलमेलुने चार लहान पिशव्या शिवल्या. एकीत साधा कापूस, एकीत सावरीचा, एकीत पॉलिएस्टर आणि एकीत लोकर. लोकर तिने उटीच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून मागवली होती. भरण सगळीकडे वजनाला सारखे. चारही पिशव्यांना तिने आठवडाभर लाटण्याने बडवले, घड्या घातल्या, उशाखाली दाबले. अंगावर घेतलेली दुलई काही काचेच्या कपाटात राहत नाही.

आता थंडी हवी होती. ती तिला जवळच्या पापनाशमला मिळाली. राजम, तिची एकेकाळची वर्गातली सर्वांत वात्रट मुलगी, तिथे फळांचा घाऊक व्यापार करते. सफरचंदांसाठी तिची मोठी थंड खोली आहे, आत चार अंश. अलमेलुने सारख्या गरम पाण्याच्या चार बाटल्या चार पिशव्यांत गुंडाळून आत ठेवल्या आणि दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर बुडवून आकडे लिहिले. राजम म्हणाली, टीचर, पुन्हा दहावीत बसल्यासारखं वाटतं.

साधा कापूस पहिल्या अर्ध्या तासातच हरला. सावरीचा बडवून-बडवून एका कोपऱ्यात गोळा झाला होता, तिथे गरम आणि बाकी सगळीकडे गार. पॉलिएस्टर आणि लोकर बरोबरीने चालले. मग तिने दोन्ही पिशव्यांवर थोडे पाणी शिंपडले. बंद खोलीत माणसाच्या श्वासाची ओल पांघरुणात उतरते, हे तिला ठाऊक होते. तासाभराने लोकरीतल्या बाटलीचे पाणी पॉलिएस्टरमधल्या बाटलीपेक्षा तीन अंश गरम निघाले.

गुरुमूर्तीने लोकर शिवायला साफ नकार दिला. त्याला वास आवडेना, आणि बहुधा निकालही. तेव्हा अलमेलु स्वतःच सुई घेऊन जमिनीवर बसली. दहा दिवसांत दुलई तयार झाली. मग तिने श्रीकरला रविवारी दुपारी पापनाशमला बोलावले आणि सफरचंदांच्या खोक्यांमधल्या लाकडी फळीवर दुलई अंगाभोवती गुंडाळून ती आडवी झाली. दाराच्या काचेतून श्रीकर बघत राहिला.

पाऊण तासाने ती बाहेर आली. ओठ निळसर झाले होते. पाठीवर रेघोट्या मारल्यासारखी थंडी लागत होती, हे तिने लपवले नाही.

"बघितलंस ना?" श्रीकर म्हणाला.

"बघितलं. जिथे टाके आहेत तिथे लोकर दबून पातळ झाली आहे. थंडी तिथून शिरते. मी चुकीची शिवली."

"अम्मा, मी शिवणीबद्दल बोलत नाही."

"मी बोलते आहे," ती म्हणाली आणि राजमकडे गरम दूध मागितले.

तिने सगळे टाके उसवले. या वेळी एका जाड थराऐवजी दोन पातळ थर केले, वेगवेगळे शिवले, आणि वरच्या थराची शिवण खालच्या थराच्या शिवणीवर येणार नाही अशी सरकवली. दोन्ही थर लुगड्यांत घालून फक्त कडेने जोडले. बोटांना सुईची भोके पडली. पुढच्या रविवारी ती पुन्हा त्या फळीवर पडली. दोन तासांनी राजमला आत जाऊन तिला हलवून उठवावे लागले. नाक थंडगार होते, पण पाय कोमट.

परतताना गाडी घराजवळ आल्यावर श्रीकर म्हणाला, ठीक आहे, पण पहिल्या खोकल्याला परत यायचं. अलमेलु म्हणाली, तसं काही मी कबूल करत नाही.

जूनमध्ये ती गेली. नोव्हेंबरात बर्फ पडले आणि खोकलाही आला, चांगला तीन आठवडे राहिला. तिने फोनवर श्रीकरला तो जसा होता तसा सांगितला. गावच्या डॉक्टरांनी काय दिले, रात्री किती वेळा उठावे लागते, सगळे. "अम्मा, आता तरी..." त्याने सुरुवात केली.

तेवढ्यात आठवीचा तास सुरू झाला, आणि तिने फोन ठेवला.