फॉर्मपुरती व्यक्ती

गोळ्यांची ती प्लास्टिकची वाटी – तळाशी पाण्याचा वाळलेला डाग, बाकी कोरडी ठणठणीत. झटक्यांवरची पांढरी गोळी रोज सकाळी तिच्यात असायची. तीन दिवस नव्हती, आणि आज न्याहारी करता करता तिच्या वडिलांना झटका आला. आता ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, खालच्या ओठावर स्वतःच्याच दातांची लाल रेघ.

"यांचं नावच येत नव्हतं यादीत," सिस्टर तिला म्हणाली. "डॉक्टरांनी बंद केली असेल म्हटलं. तुमची यादी काही चुकायची नाही."

तिचीच यादी. या वृद्धाश्रमाच्या सगळ्या नोंदी संगणकावर तिनेच चढवल्या होत्या, आणि पहिल्या दिवशी छाती फुगवून सांगितलं होतं की सूर्य एखादे दिवशी उगवायचा विसरेल, ही यादी विसरायची नाही. सूर्य बिचारा अजून वेळेवर येतो.

तसं साधंच होतं. मूळ साचा 'व्यक्ती'. त्याच्या पोटी तिघं – निवासी, कर्मचारी, नातेवाईक. नाव, फोन, पत्ता तिघांनाही लागतो, मग तीन फॉर्म कशाला? शुक्रवारी तिने एक ओळ लिहिली : फॉर्मपुरतं प्रत्येकाला नुसती व्यक्ती समजा. पण संगणकाच्या भाषेत दोन आज्ञा जावांसारख्या शेजारी नांदतात – एक वरून पांघरूण घालते, दुसरी मूळ ओळखच पुसून टाकते – आणि घाईत हाक गेली दुसरीला. चाचणीला नोंद कुणाची घ्यायची? घरचीच. वडिलांचा फोन नंबर बदलला, जतन केला. निवासी गेला, व्यक्ती उरली. गोळ्यांची यादी फक्त निवाशांना ओळखते.

"एका रकान्यातला एक शब्द गं," धंद्यातला भागीदार फोनवर म्हणाला होता. "परत टाक नि गप्प बस. कुणाच्या बापाला कळणार नाही." मग कुणाचा बाप ते त्याला आठवलं असावं; फोन बंद झाला.

'निवासी' हा शब्द तिने परत टाकलाही होता, इकडे येताना, गाडीतच...

"आता बघते तर नाव आहे की," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "मीच पाहिलं नाही म्हणतील. कारण काय लिहू?"

शुक्रवारी पडद्यावर वडिलांची ती नोंद बघून तिला बरं वाटलं होतं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? नाव, फोन, पत्ता – संपलं. त्यात आईवर उगारलेला हात नव्हता, ओल्या चादरी नव्हत्या, तिला बाई म्हणून मारलेली हाक नव्हती. त्या हलकेपणातच ती तीन दिवस इकडे फिरकली नाही – कामाचं निमित्त होतंच – फिरकली असती तर वाटी दिसली असती.

वडील कुशीवर वळले. "बाई, तुम्ही कोणाच्या?"

रोजचाच प्रश्न. सिस्टरला, झाडूवालीलाही तोच. रोज ती ठणकावून सांगायची, तुमची मुलगी.

सिस्टरने पेनचं टोपण काढलं. "नजरचूक लिहिते. माझी."

ती वाटीतला डाग नखाने खरवडत राहिली. दोघंही तिच्याकडे बघत होती, दोघांनाही एकेकच शब्द हवा होता... आणि वडिलांना द्यायचा तो तर इतकी वर्षं जिभेवरच असायचा. आज तिथे शोधला तर रकाना मोकळा.