खाली, डावीकडे

विक्रांतने बंदुकीचा दस्ता खांद्यात घट्ट रोवला, गाल टेकवला आणि चाळीस यार्डांवरच्या कागदावर नेम धरून चाप ओढला. बार उडाला. धक्का खांद्यातून थेट दाढेपर्यंत गेला. नेमबाजी क्लबच्या रेंज ऑफिसरने, मिस्टर लिमने, शिट्टी वाजवली, तसे दोघे कागदाकडे चालत निघाले.

कागदावर टर्की पक्ष्याचं डोकं आणि लांब मान काळ्या शाईने काढलेली होती. छर्ऱ्यांची भोकं खाली, डावीकडे सांडली होती. मानेत फक्त दोन.

"हेही काडतूस चालायचं नाही," विक्रांत इंग्रजीत म्हणाला.

 लिमने कागद काढून गुंडाळला. आधीचे दोन कागदही त्याच्या काखेत होते. काडतुसं तीन वेगवेगळ्या बनावटीची होती, पण तिन्ही कागद सारखेच दिसत होते.

मागे सावलीतल्या बाकावर त्याची बायको सुमित्रा बसली होती. कानांवर क्लबची मोठी लाल टोपणं, मांडीवर डब्याची पिशवी. एरवी शनिवारी ती बुकित बातोक वस्तीतल्या घरातून हलायची नाही. आज मात्र "मीही येते" म्हणून ती आपणहून टॅक्सीत येऊन बसली होती.

एप्रिलमध्ये विक्रांत मिसूरीला जाणार होता. बावीस वर्षांपूर्वी एका जहाजावर बरोबर असलेला मार्शल आता तिथे शेती करत होता, आणि वसंतातल्या टर्कीच्या शिकारीचं त्याचं आमंत्रण दर वर्षी यायचं. यंदा विक्रांतने हो म्हटलं होतं. मार्शलने एकच अट घातली होती. प्रत्येक बंदूक प्रत्येक काडतूस वेगळं फेकते, तेव्हा कागदावर तपासून ये. टर्कीची पिसं दाट असतात. नेम डोक्यावर आणि मानेवर धरायचा, नाहीतर जखमी पक्षी झाडीत शिरतो आणि दोन दिवस तडफडून मरतो. विक्रांतला ते नको होतं. म्हणून क्लबकडून त्याने शिकारीची जड काडतुसं खास मागवून घेतली होती आणि दोन महिने दर शनिवारी तो ती तपासत होता. जसजसे शनिवार जात होते, तसतसा नेम बिघडत होता.

काडतुसांना दोष देणं सोपं होतं. दुसऱ्या कारणाचा तो मनातल्या मनातही उच्चार करत नव्हता.

त्याचे वडील रेवसच्या धक्क्यावर प्रवासी लाँच चालवणारे सारंग होते. विक्रांत एकोणीस वर्षांचा असताना एका लख्ख दुपारी त्यांनी लाँच सरळ धक्क्यावर घातली. एका म्हाताऱ्या प्रवाशाचा पाय मोडला. नंतर डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडांची नजर केव्हाच गेली होती. वडिलांना दीड वर्षापासून ते जाणवत होतं, पण त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. आज विक्रांत अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, बंदरातल्या एका तेलवाहू जहाजाचा कॅप्टन होता, आणि येत्या गुरुवारी त्याची मेडिकल तपासणी होती.

"कॅप्टन," लिम म्हणाला, "लेट मी ट्राय. सेम गन, सेम शेल."

त्याने नवा कागद लावला. परत येऊन, फारसा वेळ न घेता, बार काढला. या खेपेला कागदाजवळ जायचीही गरज नव्हती. दुर्बिणीतून विक्रांतला दिसलं, टर्कीच्या मानेची चाळण झाली होती.

म्हणजे बंदूक ठीक होती. काडतूस ठीक होतं.

विक्रांतने दुर्बीण खाली ठेवली.  त्याने बाटली उघडली आणि पाणी न पिताच तिचं झाकण परत लावलं.

"आज पुरे," तो म्हणाला.

"वन मोअर, लाह," लिम तिथल्या बोलीच्या लकबीत म्हणाला. "लास्ट वन." त्याने स्वतः बंदुकीत काडतूस भरलं आणि ती विक्रांतच्या हातात दिली.

विक्रांत नाइलाजाने उभा राहिला. दस्ता, गाल, नेम. त्याने चाप ओढला.

बार उडालाच नाही. नुसतं 'खट्' झालं. आणि त्या शांततेत बंदुकीची नळी खाली, डावीकडे हिसडली. धक्का बसलाच नव्हता, तरी खांदा आधीच पुढे झेपावला होता.

नळी जमिनीकडे होती, तशीच धरून तो तिच्याकडे बघत राहिला. लिमने पुढे होऊन बंदूक उघडली आणि आतलं काडतूस तळहातावर ठेवून दाखवलं. ते निळं प्लास्टिकचं होतं, सरावाचं, आत ना दारू ना छर्रे.

"यू आर स्केअर्ड ऑफ द किक," लिम हळूच म्हणाला. "टू हेवी. एव्हरीबडी अल्सो लाइक दॅट."

सुमित्रा उठून जवळ आली होती. तिने कानांवरची टोपणं काढली.

"अहो, तुम्ही डोळे मिटता," ती म्हणाली.

"काय?"

"चाप ओढायच्या आधी. मी बाजूने बघत होते. चारही वेळा मिटलेत. लिमसाहेब उडवत होते तेव्हा त्यांचे उघडे होते."

 विक्रांत हसला. हसता हसता त्याला बाकावर बसावं लागलं. लिमलाही हसू आलं, आणि तो कागद गोळा करायला निघून गेला.

"मला वाटलं..." विक्रांत म्हणाला आणि थांबला.

"बाबांसारखं," सुमित्रा म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"रोज सकाळी एक डोळा झाकून आरशाच्या कडा बघत उभे राहता. महिना झाला. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. आज म्हटलं, आपणच जाऊन बघावं काय चाललंय."

थोड्या वेळाने लिमने हलक्या काडतुसांची पेटी आणली. ती चाळीस यार्डांवर पुरी पडणारी नव्हती, म्हणून कागद पंचविसावर आणला. पहिल्या दोन बारांना जुनी खोड गेली नाही. तिसऱ्याला विक्रांतने डोळे हट्टाने उघडे ठेवले. सतरा छर्रे डोक्यात आणि मानेत बसले. त्याने दोनदा मोजले.

"हेच," तो म्हणाला. "पंचविसाच्या आत आला तर मारायचा. नाही आला तर जाऊ द्यायचा."

टॅक्सी येईपर्यंत दोघे फाटकाशी उभे होते. सुमित्राने डब्यातली पोळीची गुंडाळी त्याच्या हातात दिली. त्याने ती अर्धी खाल्ली.

"खांद्याचं कळलं," तो म्हणाला. "डोळ्यांचं त्यावरून काही सिद्ध होत नाही."

"नाहीच होत."

"गुरुवारच्या आधी दाखवून येतो."

"येतो?"

"येऊ," तो म्हणाला.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांचा दाब मोजला, कडांची नजर तपासली, थेंब घालून आतला पडदा पाहिला. दाब योग्य प्रमाणात होता, नसा निरोगी होत्या. वडिलांचा आजार लक्षात घेऊन दर वर्षी यायचं, एवढंच त्यांनी बजावलं. बाहेर आल्यावर विक्रांत जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थबकला. थेंबांनी बाहुल्या विस्फारल्या होत्या. दुपारच्या उन्हात रस्ता, बस, झाडं, सगळं एकात एक मिसळून पांढरं झालं होतं.

"थांबू या का थोडं?" सुमित्राने विचारलं. "दोन-तीन तास असंच राहणार म्हणाल्या."

"नको," तो म्हणाला आणि तिच्या दिशेने हात पुढे केला. "चल. पायऱ्या मोजून सांग."

तिने हात धरला.

"एक," ती म्हणाली.